दगडाचा स्वभाव

पाइप ओढणाऱ्या शौकीन मंडळींना ‘मीरशॉम’ हे नाव ठाऊक असेल. जर्मन भाषेत त्याचा अर्थ समुद्राचा फेस. तुर्कस्तानात एस्कीशहिरच्या आसपास जमिनीखालून निघणारा हा पांढरा दगड ओला असताना चाकूने साबणासारखा कापता येतो. कारागीर त्यातून फेटेवाला सुलतान नाहीतर गरुडाचा पंजा कोरतो, वाळवतो, घोटतो आणि मेणात बुडवतो. पुढचे रंगकाम ओढणाऱ्याकडे! वर्षानुवर्षे धूर पिऊन तो पाइप मधासारखा तपकिरी होतो.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाबरोबर हे तुर्की पुराण कशाला? तर दगडाच्या स्वभावाप्रमाणे कारागिराचा हात कसा बदलतो, हे पाहायला तुर्कस्तान गाठायला नको. मी नुसती बदलापूरची लोकल गाठली.

कल्याण मागे पडले की उल्हासनगर येते. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. आज तिथे बाजारपेठ गजबजलेली आहे. पुढचे अंबरनाथ, एके काळी विम्कोच्या आगपेट्यांचे गाव. तिथे उतरून पूर्वेला वालधुनीच्या काठी गेले की शिवमंदिर दिसते. आतल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे साल आणि शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे.

बदलापूरच्या बाजूला दिसणारे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे, त्याच पाषाणाचे हे देऊळ. इथे चाकूचे काम नाही. हातोडा आणि टाकी, दुसरा उपाय नाही. एक घाव चुकला की नाक गेले! तरीही बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. देवदेवता, नर्तकी, हत्तींच्या रांगा, आणि शिखरावर एकावर एक चढत गेलेली इवली इवली शिखरे. मंडपातल्या खांबांवर हात फिरवला, तर दगड घोटलेल्या लाकडासारखा लागला. गाभारा मात्र पायऱ्या उतरून खाली, आणि अर्धवट राहिलेल्या शिखरातून वर चक्क आकाश! टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही असे आपण म्हणतो. इथे घाव घालणाऱ्याच्या धीराचीही तेवढीच कसोटी लागली आहे.

पण कठीण दगडही अमर नाही. १८६८ साली सरकारने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडून या कोरीव कामाची रेखाटने, छायाचित्रे आणि साचे करवून घेतले होते. आज पुष्कळ मूर्तींचे चेहरे झिजले आहेत. कित्येक ठिकाणी डोळे कुठे होते ते अंदाजाने ओळखावे लागते. साडेनऊशेहून अधिक पावसाळे या भिंतींनी सोसले. आता शेजारच्या वालधुनीत कारखान्यांची रसायने वाहतात, नाकाला रुमाल लावावा लागतो. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण नदीला कोण सांभाळणार?

मीरशॉमचा पाइप धुराने खुलतो. आपल्या देवळाला तो गुण नाही. तेव्हा या सुटीत मुलाबाळांना घेऊन सकाळच्या उन्हात अंबरनाथला जरूर जा. उन्हे तिरपी असली की झिजलेल्या रेषाही उठून दिसतात. मुलांना त्या बोटाने दाखवा.