माझी जुनी राजदूत

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने इंजिनाविषयी लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. एके काळी मलाही ते वाटले असते. यंत्राला हात लावणे हे मेस्तरीचे काम आणि आपले काम वर्गात वृत्ते नि अलंकार समजावून देण्याचे, अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत एका जुन्या मोटारसायकलीने दूर केली. मात्र तिची झळ मला लागण्याऐवजी माझ्या एका विद्यार्थिनीला लागली.

१९८८ साली मी तलासरी तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. माझे बिऱ्हाड डहाणूस होते. डहाणूहून चारोटी नाक्यापर्यंत यावे आणि तेथून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेस तलासरीकडे जावे, असा रोजचा प्रवास. एस.टी.ची वाट पाहून कंटाळलो आणि एका दूधवाल्याकडून त्याची जुनी राजदूत विकत घेतली. १७३ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन. पोलंड देशातील एका गाडीवरून ही गाडी आपल्याकडे बनवली गेली, आणि खेडोपाडी दूधवाल्यांची ती आवडती झाली. माझ्या गाडीच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनांचे व्रण होते.

ह्या इंजिनाची एक रीत असते. त्याच्या पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळावे लागते; पेट्रोलबरोबर ते तेलही आत जळते. एका लिटरला चाळीस मिलिलिटर, असे दूधवाल्याने मला बजावले होते. परंतु वाढणाऱ्याने तुपाचा हात आखडू नये, ह्या संस्कारात मी वाढलेलो. मी तेल अंदाजाने घालीत असे आणि तो अंदाज नेहमी उदार असे. गाडीमागे निळसर धुराचा लोट निघे. तो मला तिच्या तब्येतीचे लक्षण वाटे!

१९८९ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. पहिलाच पेपर मराठीचा. सकाळी मी महामार्गाने निघालो, तो दापचरीच्या अलीकडे एका फाट्यावर आमच्या शाळेतील एक मुलगी उभी दिसली. तिच्या पाड्यातून दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी. एस.टी. आली नव्हती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. मी मोठ्या रुबाबात तिला मागे बसवले. दोन-तीन किलोमीटर गेलो असू. गाडीने दोनदा आचके दिले आणि ती बंद पडली.

मी किका मारीत राहिलो. सदरा घामाने भिजला. आसनाखाली हत्यारांची पिशवी होती; त्यात प्लग काढण्याचा पानाही होता. पण प्लग कोठे असतो, हेच मला ठाऊक नव्हते. मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. अखेर तिने विचारले, “गुरुजी, गाडीला काय झालं?”

वर्गात तिच्या कोणत्याही प्रश्नाला मी निरुत्तर झालो नव्हतो. तेथे झालो.

एका मालमोटारवाल्याला दया आली. गाडी रस्त्याच्या कडेला टाकून आम्ही तलासरीस पोहोचलो, तेव्हा पेपर सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती. तिला आत घेतले. पण तिचा निबंध अपुरा राहिला.

संध्याकाळी मेस्तरीला घेऊन गाडीपाशी गेलो. त्याने प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. प्लगच्या दोन टोकांमध्ये सुमारे ०.६ मिलिमीटरची फट असते. तीतून ठिणगी उडते आणि पेट्रोल पेटते. त्या फटीत काजळीचा केसाएवढा धागा अडकला होता. वीज त्या धाग्यावरूनच निघून जात होती. ठिणगी उडणार कशी? मेस्तरी म्हणाला, “मास्तर, गाडीला तेल पाजलंत का आंघोळ घातलीत?” त्याने नवा प्लग बसवला. पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या मेस्तरीचा विद्यार्थी झालो. इंजिनाचे डोके उतरवायला त्याने मला शिकवले. आत दट्ट्याच्या माथ्यावर आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर काजळीचा जाड थर बसला होता. स्वयंपाकघरातील जुन्या धुराड्याची आठवण व्हावी! तो खरवडायला मी पेचकस उचलला, तेव्हा मेस्तरीने माझा हात धरला. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडाने त्याला ओरखडे पडतात. त्याने बांबूची एक कांब तासून माझ्या हाती दिली. आमच्या भागात बांबूला काय तोटा? सबंध सकाळ मी ते काम करीत होतो. सर्व काही पुन्हा जोडून झाल्यावर एक वायसर उरला. तो खिशात टाकावा, असा मोह झाला, हे कबूल करतो. मेस्तरी काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. मी सगळे पुन्हा उघडले.

तेव्हापासून तेल मापाने घालू लागलो. साखळीचा ताण पाहणे, कार्बोरेटर धुणे, पावसाळ्यात प्लगची टोपी कोरडी ठेवणे ही कामे हळूहळू अंगवळणी पडली. नखांतले काळे मात्र खडूच्या पांढऱ्यात लपत नसे. वर्गातली मुले त्याकडे टक लावून पाहत.

जूनमध्ये निकाल लागला. मुलगी उत्तीर्ण झाली. मराठीत तिला सर्व विषयांहून कमी गुण होते. शाळेत भेटायला आली, तेव्हा मी खणातून तो जुना प्लग काढून तिच्या हातावर ठेवला आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ठिणगी, फट, काजळी, सारे सांगितले. तिने प्लग उजेडाकडे धरून नीट न्याहाळला.

“म्हणजे तेल जास्त झालं होतं?”

“होय,” मी म्हणालो, “आणि ते मीच घातलं होतं.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग प्लग माझ्या टेबलावर ठेवीत म्हणाली, “आता किती घालता?”

२००६ साली मी ती गाडी विकली. घेणाऱ्याला चाळीस मिलिलिटरचे माप दिले, हत्यारांची पिशवी दिली, बांबूची कांबही दिली. प्लग तेवढा ठेवून घेतला.