तळाचा भात

अकोला,
रविवार दुपार

प्रिय परतवाडेवाली,

फोनवर तू दोनच गोष्टी विचारल्यास. काय खाल्लं, आणि माझी आठवण काढली का. मागून सासूबाईंची हाक येत होती, तुला उठावं लागलं. म्हणून हे पत्र. त्या झोपल्या की निवांत वाच.

अमरावती एक्स्प्रेस अकोल्याला आली तेव्हा तुझा बर्थ तसाच रिकामा होता. दर्यापूरवालीने त्यावर आपली शाल टाकली आणि शेगावपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. शेगावला एक थकलेले आजोबा चढले, टीसीने जागा त्यांना दिली, तेव्हा तिने मुकाट्याने शाल उचलली. रात्रभर आम्ही दोघी फारशा बोललो नाही. होस्टेलच्या मेसमध्ये पातळ वरणाच्या साक्षीने ठरवलं होतं ना, की चौघी एकदा मुंबईला जाऊन इराण्याकडे जेवायचं! चाळीस वर्षं लागली, आणि त्यातही तिघीच गेलो.

मोर्शीवाली डोंबिवलीहून आली होती. ती आम्हाला बॅलार्ड इस्टेटमध्ये ‘ब्रिटानिया’त घेऊन गेली. हे हॉटेल 1923 सालचं. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबाचं. लाल-पांढऱ्या चौकडीची टेबलं, लाकडी खुर्च्या, रंग उडालेल्या उंच भिंती. मालक बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकाची विचारपूस करत, काय खायचं ते स्वतः सांगत. 2019 मध्ये ते गेले. मला फार वाटलं, तू आणि ते समोरासमोर यायला हवे होतात. तुझ्यासारखंच त्यांनाही समोरच्याला आग्रह करून वाढल्याशिवाय चैन पडत नसे.

आता बेरी पुलावाचं सांगते. भाताच्या ढिगावर तळलेला कांदा, काजू आणि त्यावर माणकांसारखी बारीक लाल फळं. दर्यापूरवालीच्या गळ्यात माळ, म्हणून तिचा भाज्यांचा मागवला, आम्हा दोघींचा मटणाचा. पहिल्याच घासाला ती थांबली आणि म्हणाली, “काहून वं, हे तर आपल्या बोरकुटासारखं आंबट लागून राह्यलं!” मी डोळे मिटून पुन्हा चव घेतली. खरंच, भाताच्या तुपकट गोडव्यात मध्येच दाताखाली ते फळ फुटतं आणि शाळेबाहेरच्या बोरंवालीची आठवण होते.

त्या फळाला इराणात जरिश्क म्हणतात. आपल्या वैद्यांची दारुहळद असते ना, तिच्याच गणातलं झुडूप. दक्षिण खोरासानात काएन गावाच्या आसपास त्याचे मळे आहेत. केशरही तिथलंच. पाऊस जेमतेम, पाणी थोडं, तरी हे झुडूप दुष्काळ सोसतं आणि जमिनीतला क्षारही. मी हे सांगितलं तशी दर्यापूरवाली सावरून बसली. तिचं शेत खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही. तिच्या घरच्यांनी तीन पिढ्या फक्त पावसाच्या भरवशावर कापूस, तूर आणि हरभरा काढला. “आपल्याकडं लागीन काय?” तिने विचारलं. त्याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, हे मला सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, पण ताटातलं एक फळ तिने बोटावर घेऊन बराच वेळ पाहिलं. कुठल्या तरी लांबच्या मुलखात आपल्यासारखीच खारट जमीन आहे आणि तिथल्या माणसांनी तिच्यातून हे काढलं, याचा तिला झालेला आनंद मला दिसत होता.

हा पुलाव इथे आला तोही एका बाईमुळे. बोमन कोहिनूर यांच्या पत्नी इराणमध्ये नोकरीला होत्या. 1982 च्या सुमारास त्या परत आल्या तेव्हा तिकडच्या जरिश्क पुलावाची रीत घेऊन आल्या आणि तिला इकडचा मसाला दिला. तिकडे हा भात सौम्य असतो, बहुतेक कोंबडीबरोबर खातात. म्हणजे आम्ही खाल्ला तो अर्धा इराणचा, अर्धा मुंबईचा. मला त्यात काही उणं वाटत नाही. सासरी आलेली प्रत्येक बाई माहेरच्या भाजीचं असंच करते.

मग जरिश्क या फारसी नावावरून मी त्या दोघींना माझ्या नोकरीबद्दल सांगायला लागले. तुला माहीत आहे, तीस वर्षं तहसीलमध्ये काढली, शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कारकून, दफ्तर, रोजनामा, दस्तऐवज, जमीन, बागायत हे शब्द मी रोज लिहीत होते आणि सगळे फारसीतून आलेले. तुझ्या परतवाड्याला खेटून असलेलं अचलपूर ही 1490 पासून 1574 पर्यंत इमादशाहीची राजधानी होती. त्याआधी बहामनी दरबारात इराणहून माणसं समुद्र ओलांडून येत. नंतर मोगल आले, निजाम आला, 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. इतकी शतकं सरकारदरबारी फारसी चालली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून त्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी पुष्कळसे आपल्या जिभेवर राहिलेच. बदाम, पिस्ता, मेवा घे. जर्दाळू म्हणजे पिवळा आलुबुखार. शाबास म्हणजे शाद बाश, आनंदात राहा. दर्यापूरवालीला म्हटलं, तुझ्या गावातला दर्या म्हणजे फारसीत समुद्र, आणि अचलपूरच्या गादीवर दर्या इमादशाह नावाचा राजाही होऊन गेला. ती म्हणाली, “आमच्या गावाला प्यायचं पानी नाही, आन् नाव समुद्राचं!” तिचे डोळे भरून आले होते. मी तिचा हात धरला.

सुमारे 580 किलोमीटर रेल्वेने जाऊन आपण परक्या देशाचं जेवायला बसलो आहोत, असं मला सकाळी वाटत होतं. टेबलावरून उठताना तसं वाटलं नाही.

कॅरमेल कस्टर्ड चांगलं होतं. रासबेरीचा लाल सोडा मला गोडमिट्ट लागला.

आता तुझा दुसरा प्रश्न. पुलाव संपत आला तेव्हा मोर्शीवालीने ताटलीच्या कडेला चिकटलेली चार शितं चमच्याने खरवडली आणि तिथेच थांबली. मेसच्या पातेल्याचा तळ खरवडायला तू रोज स्वयंपाकघरात शिरायचीस, तो कडक, लालसर भात आम्हाला वाटायचीस आणि स्वतःला सगळ्यात कमी घ्यायचीस. तिघींनाही एकाच वेळी तेच आठवलं. कोणी काही बोललं नाही. इराणी लोक तो तळाचा थर मुद्दाम करतात, हे तुला सांगायचं होतं. डेगचीत तूप घालून वर भात रचायचा, झाकणाला कापड बांधायचं, मंद आचेवर ठेवायचं, म्हणजे खाली सोनेरी कुरकुरीत पापुद्रा धरतो. त्याला तहदिग म्हणतात. तह म्हणजे तळ, आणि दिग म्हणजे भांडं, आपली डेगची. पाहुण्याला तो मानाने वाढतात.

जरिश्क इथे मिळायचं नाही. पण इराणात लग्नाकार्याला आणखी एक भात करतात, शिरीन पुलाव. त्यात संत्र्याची साल असते. साल बारीक चिरायची, दोन-तीन पाण्यांत उकळून कडूपणा काढायचा, साखरेच्या पाकात मुरवायची, मग गाजराचे काप, बदाम, पिस्ते आणि केशराबरोबर भातात थरावर थर लावायची. मोर्शीवाली ऐकतच राहिली. तिच्या माहेरी संत्र्याच्या बागा, आणि सालं आजवर उकिरड्यावर गेली! आपल्या संत्र्याची साल पातळ, लवकर शिजेल असं मला वाटतं.

तू घर सोडू शकत नाहीस, तर आम्हीच येतो. पुढच्या महिन्यात मोर्शीवाली माहेरी येणार आहे, येताना संत्री आणेल. दर्यापूरवाली तूप आणणार. आईची पितळी डेगची मी कल्हई करायला दिली आहे. तू फक्त सासूबाईंना कोणत्या वेळी जेवायला चालतं ते कळव. त्यांच्यासाठी मऊ भात वरचा काढू. तळाचा आधी तुझ्या ताटात.

तुझी,
अकोलेवाली