डोहातला मरळ

मासे गरवणाऱ्या माणसाकडे समाज नेहमीच किंचित संशयाने पाहत आला आहे. दिवसभर पाण्याकडे टक लावून बसायचे आणि संध्याकाळी करंगळीएवढे दोन मासे घेऊन परतायचे, यात शहाण्या माणसाला काय गोडी वाटावी? पण या छंदाची कुळी मोठी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण घातले. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ आणि दोरी यांचा त्यात साक्षेपाने विचार केलेला आहे. इंग्रजांच्या आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे विख्यात पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे त्यानंतर पाचशे वर्षांनी आलेले. एवढा आधार पाठीशी असल्यावर सिल्वासाजवळ दमणगंगेच्या काठी बसताना आम्हांला कधी संकोच वाटला नाही.

दमणगंगा तशी लहान नदी. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावून, सुमारे १३१ किलोमीटर वाहून ती दमणपाशी अरबी समुद्राला मिळते. वाटेत मधुबनचे धरण तिला अडवते आणि पुढे वापीच्या कारखानदारीने तिची काय दशा केली आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोहोंच्या मधल्या टप्प्यात मात्र अजून काही डोह असे आहेत, की जिथे नदी नदीसारखी दिसते. अशाच एका डोहाशी आमचा पाच वर्षे व्यवहार होता. तो नेमका कुठे, हे विचारू नये. गरवणारा माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण डोहाचा पत्ता देणार नाही.

त्या डोहात एक मोठा मरळ होता. या माशाचे वैशिष्ट्य असे, की पाण्यात राहूनही त्याला वरच्या हवेचा श्वास घ्यावा लागतो. थोड्या थोड्या वेळाने तो पृष्ठभागावर येतो, घोट घेतल्यासारखा आवाज करतो आणि खाली जातो. त्यामुळे तो लपला तरी त्याचा ठिकाणा लपत नाही. वर उमटलेल्या वलयांवरून त्याच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. सरकारी नोकरीने लावलेली नोंदी ठेवण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. एका वहीत आम्ही तारीख, तिथी, पाण्याची पातळी, आमिष आणि मरळ कुठे वर आला, हे लिहीत गेलो. 'फलनिष्पत्ती' या रकान्यात वर्षानुवर्षे एकच शब्द होता : निरंक.

वास्तविक हा मरळ आम्हांला पहिल्याच वर्षी मिळाला असता. २०१७ च्या आषाढात काठच्या उथळ पाण्यात तांबूस पिलांचा थवा दिसला. शेकडो पिले एकाच वेळी वर येत, हवा घेत आणि खाली जात. आणि त्यांच्या खाली एक लांबट काळी सावली फिरत होती. मरळाची अंडी पाण्यावर तरंगतात. आईबाप त्यांची राखण करतात आणि पिले बाहेर पडल्यावरही कित्येक आठवडे त्यांना सोडत नाहीत. त्या काळात थव्याजवळ जे काही येईल त्यावर मरळ तुटून पडतो; भुकेने नव्हे, रागाने. गळ टाकावा आणि मासा उचलावा, इतके ते सोपे असते.

आमच्यासोबत एक वृद्ध वारली स्नेही होते. डोह त्यांनीच आम्हांला दाखवला होता. त्यांनी आमच्या काठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता नाही, साहेब. भात कापून झाल्यावर." त्यांच्या वाडीतल्या जाणत्यांचा हा रिवाजच होता. राखणीला बसलेला मरळ धरला, की शिंगाळ्यासारखे मासे पिलांचा फडशा पाडतात. एक मासा ताटात येतो आणि डोह रिकामा होतो. कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात हे कलम आम्ही वाचले नव्हते. पण इतके सरळ कारण असलेले कलमही आम्ही क्वचितच पाहिले होते.

मग सुरू झाली ती खरी वाट पाहणी. कार्तिकात पाणी निवळते, पिले पांगलेली असतात, मरळ पुन्हा एकटा आणि सावध झालेला असतो. काठावर पाऊल वाजले तरी तो खोल जातो. गांडुळांना तो फसला नाही. जिवंत लहान मासा लावला, तर तो शिंगाळ्याने पळवला. एकदा दोर मुळांत गुंतून तुटला. कधी धरणातून पाणी सुटून डोहाची रूपरेषाच बदलून जाई.

२०२१ च्या कार्तिक वद्यात, उन्हे कलताना, बुडालेल्या उंबराच्या मुळांपाशी वलये उमटली. आम्ही आमिष त्यांच्या पलीकडे टाकून सावकाश अलीकडे आणले. झटका बसला नाही. दोर नुसता जड झाला आणि चालू लागला. मुळांकडे जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्या वेळी सुचत होते. दहा-बारा मिनिटांनी तो वाळूवर आला : लांबी साडेबत्तीस इंच, वजन पावणेपाच किलो, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा काळा ठिपका. आनंद झाला, हे खरे. पण वहीत 'निरंक' खोडताना हात क्षणभर अडखळला, हेही तितकेच खरे.

आमचे स्नेही गुडघ्यांमुळे दोन वर्षे नदीवर येऊ शकले नव्हते. मासा घेऊन आम्ही थेट त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी लांबीचे कौतुक केले नाही की वजन विचारले नाही. प्रथम अंगठ्याने माशाचे पोट दाबून पाहिले. गाभोळी नाही अशी खात्री झाल्यावरच त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या सुनेने लाल मिरची आणि आंबोशी घालून कालवण केले, निम्मे वाडीत वाटले गेले, आणि उरलेले आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ले. हल्ली मासा पकडून छायाचित्र काढावे आणि तो पाण्यात सोडून द्यावा, अशी प्रथा रूढ होत आहे. ती वाईट आहे असे नाही. पण कोणता मासा केव्हा घ्यायचा, हे ज्याला कळते त्याला घेण्याचीही लाज वाटण्याचे कारण नाही, हे त्या अंगणात आम्हांला पटले.

तरी मनात एक शंका राहिलीच होती. डोहाचा धनी आपण नेला. आता तिथे काय उरले असेल? २०२२ च्या आषाढात, पावसाची उघडीप पाहून, आम्ही डोहावर गेलो. उथळ पाण्यात तांबूस थवा वर आला, हवा घेऊन खाली गेला. त्याच्याखालची सावली पूर्वीपेक्षा आखूड होती, पण राखण तीच होती. आम्ही छत्री मिटून तासभर तिथे बसलो. त्या दिवशी काठी घरीच ठेवली होती.