आर्क विझल्यानंतर

वेल्डिंग चालू असलं की बघणाऱ्याला भीती वाटते ती ठिणग्यांची. रस्त्यावरून जाणारी बाई पोराला पलीकडं ओढते, मोटारसायकलवाला तोंड फिरवतो. बरोबरच आहे त्यांचं. माझी भीती मात्र होल्डर खाली ठेवल्यावर सुरू होते. आमच्या धंद्यातली दुखणी बऱ्याचदा मागाहून येतात. कधी पाच मिनिटांनी, कधी मध्यरात्री, कधी शटर ओढून सगळे घरी गेल्यावर.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं खातं आहे. भाद्रपद लागला की उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला यायला लागतात. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत प्रत्येकाला आपली ट्रॉली हवी असते. तडे गेलेली चासी, वाकलेले अँगल, गंजून जाळी झालेला तळाचा पत्रा. दिवस घाईचे, आणि नवी पोरं कामावर येतात तीही याच दिवसांत. त्यांच्या हातात मी लगेच रॉड देत नाही. आधी लोखंड ओळखायला लावतो.

लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही, ते स्वतःच ओरडून सांगतं. भाजतं ते काळं लोखंड. अंधारातसुद्धा लोखंड लालसर दिसायला ५०० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्याच्या खाली ते काळंच. ४०० अंशांचा अँगल आणि कालपासून पडून असलेला अँगल शेजारी ठेवले, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच. म्हणून तळवा आधी न्यायचा नाही. हाताची मागची बाजू लांबूनच जवळ आणायची, धग लागते का बघायची, मगच उचलायचं. आणि कापलेल्या तुकड्यावर खडूनं ‘गरम’ लिहून ठेवायचं. यातली गोम अशी, की तुकडा गार झाल्यावर तो शब्द पुसावा लागतो. आठवडाभर ‘गरम’ मिरवणारे तुकडे खात्यात पडून राहिले, तर खडूवर कोण विश्वास ठेवील?

डोळ्यांचंही तसंच. आर्क लागली हे त्या क्षणी कळतच नाही. संध्याकाळी पोरगं हसत घरी जातं आणि रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होऊन उठून बसतं. हा अतिनील किरणांचा चटका. लक्षणं दिसायला सहा ते बारा तास लागतात. घरोघरी बटाट्याच्या चकत्या ठेवतात. गार वाटतं, एवढाच त्याचा गुण. डॉक्टरकडं जायचं ते जायचंच. वेल्डर सहसा सुरक्षित असतो, कारण त्याच्यापुढं दहा-अकरा नंबरची काळी काच असते. आर्क लागते ती अँगल धरून उभ्या असलेल्या हेल्परला. तो मान वळवून उभा राहतो आणि त्याला वाटतं, भागलं. पण शेजारच्या चुनखडीच्या भिंतीवरून उजेड परत येतो. आम्ही आतून भिंतींना मळकट राखाडी रंग दिला, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, खातं अगदी उदास दिसतंय. दिसू दे.

जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद १५०० च्या जवळपास गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणजे जोड धरायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर झालेला असतो. तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत माणूस ठणठणीत. उतरतो म्हणूनच कुणी तो मनावर घेत नाही. जुने मिस्त्री दूध आणि गूळ सुचवतात. दूध प्यायला माझी हरकत नाही, पण त्याआधी जोडाजवळचा थर ग्राइंडरनं काढ, मास्क लाव आणि पंखा असा ठेव की धूर तोंडाकडं न येता बाजूनं जाईल.

खंडेनवमीला मी जरा तापटच असतो. सगळ्या यंत्रांची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं, आणि कुणीतरी श्रद्धेनं तेलाचं बोट घेऊन गॅसच्या नळकांड्यांकडं निघतो. काळ्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो. तो स्वतः जळत नाही, पण दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस भेटलं, तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल लागतं त्या दिवशी. पेटतं ते पुढं कधीतरी, कुणी व्हॉल्व्ह भसकन उघडल्यावर. म्हणून आमच्याकडं त्या नळकांड्याला झेंडूची माळ, तीही खाली बुडाजवळ. देवाचा राग आला असेल, तर अजून तरी त्यानं दाखवलेला नाही.

‘रिकामाच आहे हो’ म्हणत बॅरल किंवा डिझेलची टाकी घेऊन येणारे वेगळेच. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत तेल उरलेलं नसतं, वाफ असते, आणि हवेशी नेमकी मिसळलेली असते. धुऊन, तोंड उघडं ठेवून, जोडाच्या जरा खालपर्यंत पाणी भरल्याशिवाय मी डिझेलच्या टाकीला हात लावत नाही. पेट्रोलची टाकी तर घेतच नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

राहिली आग. ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाते हे धरून चालायचं. ती चिंधीत, भुशात, पॅकिंगच्या पुठ्ठ्यात शिरते आणि धुमसत बसते. अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या संहितेत काम थांबल्यावर अर्धा तास पहारा ठेवा असं होतं; २०१९ च्या आवृत्तीत त्याचा एक तास झाला. आमच्याकडं शेवटचा टाका पाचला पडतो. पुढचा तास उद्याची मापं, खडूच्या खुणा, वजनकाटा, हिशेब. रंगकाम नाही, कारण थिनरचा डबा उघडायला याहून वाईट वेळ नाही.

आता हा तास कुणाच्या खात्यावर टाकायचा? फॅब्रिकेशनचा दर किलोवर ठरतो आणि पहाऱ्याला वजन नाही. मी बिलात ‘इतर’ म्हणून थोडे पैसे लावतो. कुणी विचारलं तर सांगतो, पहाऱ्याचे आहेत. ट्रॉलीवाले मान डोलावतात, मला शहाणा म्हणतात आणि बरोबर तेवढीच रक्कम कापून बाकीचे पैसे देतात.