बर्मा शेल ते भारत गॅस

आमच्या गावात, बोदलकशात, घरोघरी वीज नव्हती तेव्हा संध्याकाळ सुरू व्हायची ती कंदिलाने. राखेने काच घासायची, वात कातरायची, मग मातीचं तेल भरायचं. तेल रेशनचं, निळं, उग्र वासाचं आणि मोजूनमापून मिळणारं. म्हातारी माणसं त्याला बर्मा शेलचंच तेल म्हणत. कंपनी केव्हाच सरकारी झाली होती, हे त्यांना सांगणार कोण?

२४ जानेवारी १९७६ ला सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. एस्सो या दुसऱ्या तेल कंपनीचं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं ते त्याआधी, १९७४ मध्ये. त्याच वर्षी ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. देशभर पेढे वाटावेत अशीच ती बातमी होती. आमच्या चुलीला मात्र तिचा पत्ता नव्हता.

बर्मा शेलचा माहुलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ चा. त्याच सुमारास मुंबईतल्या काही स्वयंपाकघरांत तिचा ‘बर्शेन’ गॅस पेटला. आमच्याकडे तेव्हा आणि नंतरही कितीतरी वर्षं सरपण नागझिऱ्याकडच्या जंगलातलं. बाया पहाटे निघत, उन्हं चढल्यावर डोक्यावर मोळी घेऊन परतत. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकताना माय खोकून बेजार व्हायची. चुलीवरचा भात आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा, त्या चवीचे गोडवे आम्ही अजून गातो. गाणारे सगळे पाटावर बसणारे होते, फुंकणी धरणारे नव्हेत.

२०१६ मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली आणि गावोगावी लाल सिलिंडर दिसू लागले. मुंबईतून गॅसला इथवर यायला साठ वर्षं लागली. आता रेशनच्या तेलाची रांग नाही, कंदील माळ्यावर गेले. चूल मात्र परसात शाबूत आहे. हातात पैसा नसला की रिकामा सिलिंडर कोपऱ्यात जातो आणि बाया पुन्हा जंगलाची वाट धरतात. २०१३ पासून ते जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे शिरायलाही बंधनं, ही त्यात भर.

मधे भारत गॅस पुरवणारी ही भारत पेट्रोलियमच सरकारने विकायला काढली होती. २०२२ मध्ये तो बेत बारगळला. बरं झालं. पण कंपनी सरकारी राहिली, तर गरिबाला दुसरा सिलिंडरही परवडायला हवा. दर ठरवणाऱ्यांनी ऐन पावसाळ्यात एकदा इकडे यावं आणि ओल्या लाकडावर भात शिजवून पाहावा.