अर्थाची तार

माझ्या पहिल्या पगारातून मी अब्बांसाठी घड्याळ आणलं होतं. स्टीलच्या पट्ट्याचं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, "माशाअल्लाह" म्हणाले आणि परत डब्यात ठेवलं. पुढे कित्येक महिने ते त्यांच्या मनगटावर दिसलं नाही. वेळ हवी असली की अम्मीला विचारायचे. मला वाईट वाटायचं. बी.एड. झालेल्या मुलाची भेट ट्रकवाल्या बापाला परकी वाटत असेल, असंही मनात येऊन गेलं.

त्या उन्हाळ्यात ट्रक बरेच दिवस उभा राहणार होता, म्हणून बॅटऱ्या काढून ठेवायच्या होत्या. अब्बांचा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, मी काढतो.

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडलेला, म्हणून मिळून २४ व्होल्ट. मी पाना घेतला आणि सरळ स्टार्टरकडे जाणाऱ्या पॉझिटिव्हचा नट फिरवू लागलो. पान्याचं दुसरं टोक चासीला टेकलं. फाटकन ठिणगी उडाली, पाना हातातून पडला.

अब्बा लंगडत धावत आले. आधी माझा हात उलटसुलट करून पाहिला, मग ओरडले, "पहले अर्थ की तार निकाल, बेटा! लगाते वक्त वो सबसे आखिर में!"

मी भाषेचा मास्तर. 'अर्थ' म्हणजे मला फक्त शब्दाचा अर्थ ठाऊक. त्यांनी समजावलं : निगेटिव्हची तार चासीला जोडलेली असते, म्हणजे अख्खी गाडीच बॅटरीचं एक टोक झालेली असते. पॉझिटिव्हला लागलेला पाना गाडीला टेकला की शॉर्ट. म्हणून चावी बंद करायची, सगळे दिवे बंद करायचे, आणि आधी चासीकडची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधायची. मग दोन बॅटऱ्यांमधली जोडतार, शेवटी पॉझिटिव्ह. लावताना नेमकं उलट. पाना एकाच बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडू द्यायचा नाही. अर्थ काढल्यावरही तो धोका राहतोच. आणि जवळ बिडी पेटवायची नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. काही डिझेल गाड्यांत दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. तिथे एकच निगेटिव्ह काढून भागत नाही, दुसरी बॅटरी गाडीला जिवंत ठेवते. दोन्ही निगेटिव्ह काढायच्या.

एवढं सांगून त्यांनी बाही वर सारली. डाव्या मनगटाभोवती पांढरट वळ होता. इतकी वर्षं मी तो पाहिला होता, विचारलं कधीच नव्हतं. तरुणपणी, रात्रीच्या घाईत, घड्याळाचा धातूचा पट्टा पॉझिटिव्ह आणि चासीच्या मध्ये अडकला होता. क्षणात लाल झाला. काढेपर्यंत कातडी गेली.

"तेरी घड़ी अच्छी है," ते म्हणाले. "पण माझा हात सारखा तिथेच असतो ना."

मी काय बोलणार? खाली वाकलो आणि अर्थाची तार सोडवली.

आज अब्बा नाहीत. ट्रक धाकटा भाऊ चालवतो, ते घड्याळ मी शाळेत घालून जातो. सुट्टीत भावाने बॅटरीला हात लावायला बोलावलं की पाना उचलण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवतो. भाऊ हसतो. हसू दे. अंगठी काढायला त्यालाही मी सांगतोच.