एकोणीस अक्षांशावरची दुर्बीण

दुर्बीण पाहायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पट मोठं दिसतं? बाजारातल्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर ६७५ पट असं छापलेलं असतं आणि शेजारी अवकाशयानानं काढलेला शनीचा रंगीत फोटो असतो. माझी दुर्बीण साधी न्यूटनी आहे. आरसा सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा. नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं की ४८ पट, १० मिलिमीटरचं लावलं की १२० पट, आणि त्यात दुप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की २४० पट. एवढ्या आरशाची कागदावरची मर्यादा साधारण ३०० पट. पण आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पालममध्ये वर्षातल्या बहुतेक रात्री मी १२० च्या पुढं जात नाही. पुढं गेलं की ग्रहासोबत त्याचं थरथरणंही तितकंच मोठं होतं.

चांगलं दिसण्यासाठी काय करावं हे सांगणारी पुस्तकं मी बरीच वाचली. त्यांतली बहुतेक पन्नास अक्षांशाच्या आसपास राहणाऱ्या माणसांनी लिहिलेली. त्यांचं घर उबदार, बाहेर गारठा. ध्रुव आकाशात उंच. काचेवर रोज दव. आणि वृश्चिकाची शेपटी बरीचशी क्षितिजाच्या खाली. आपल्याकडे यातलं जवळजवळ सगळं उलटं आहे. प्रकाशाचे नियम तेच राहतात, पण ते वापरायचे कसे हे परभणी जिल्ह्यातल्या उन्हाळ्याकडूनच शिकावं लागतं.

ती पुस्तकं सांगतात, दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, म्हणजे आरसा हवेइतका थंड होईल. मे महिन्यात दिवसा पारा ४३-४४ अंशांवर असतो. दिवसभर पत्र्याच्या खोलीत पडलेली दुर्बीण संध्याकाळी बाहेर आणली, तर आरशाची जाड काच मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यावर गरम हवेचा पातळ थर बसतो आणि नळीतून वर सरकतो. दुपारी डांबरी रस्त्यावरचा लांबचा ट्रक जसा पाण्यात हलल्यासारखा दिसतो, तसा मग गुरू दिसतो. हे ओळखायचं असेल तर एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसच्या बाहेर न्यावा. त्याची मोठी तबकडी होते आणि तिच्यावरून धुरासारखे लोट वाहताना दिसतात. लोट सावकाश, एकाच दिशेनं चढत असतील तर दोष बहुधा नळीतल्या उष्णतेचा. सगळी तबकडीच भराभर उकळत असेल तर वरच्या हवेचा. पहिल्यावर उपाय आहे, दुसऱ्यावर झोप.

पहिल्यावरचा उपाय स्वस्त आहे. दुर्बीण पत्र्याखाली न ठेवता जुन्या, जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत ठेवायची. आरशाच्या मागं जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवायचा आणि तो मोटारसायकलच्या बॅटरीवर चालवायचा. पंखा काच थंड करतोच, शिवाय आरशावर बसलेला गरम हवेचा थरही हलवतो. पंखा टांगताना रबराचे तुकडे मध्ये घालायचे, नाहीतर त्याचीच कंपनं चित्रात उतरतात.

त्याहून मोठा प्रश्न गच्चीचा. गावात आकाश मोकळं मिळतं ते स्लॅबवर, म्हणून सगळे दुर्बीण तिथंच चढवतात. पण काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि अर्ध्या रात्रीपर्यंत परत करतं. पाणी मारलं तर फरक पडतो, पण मराठवाड्यात टँकरच्या दिवसांत ताऱ्यांसाठी पाणी मारायला कुणाचा हात धजेल? त्यापेक्षा खाली अंगणात, मातीवर उतरावं. सैल, कोरड्या मातीचा वरचा थर तापतो लवकर, पण उष्णता खोलवर साठवत नाही, त्यामुळं निवतोही लवकर. सगळ्यात बरं म्हणजे शेतातला आखाडा, आणि तोही ओलिताचा. ओल्या रानात उन्हाची बरीच ताकद पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून रात्री परत यायला थोडीच उरते. आणि उन्हाळ्यात रात्री नऊपेक्षा पहाटे चारला उठणं केव्हाही फायद्याचं. गजराचं घड्याळ हे या भागातलं दुर्बिणीचं महत्त्वाचं उपकरण आहे.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि त्यांच्या नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली. आरसे लंबकासारखे टांगलेले, जमिनीचा हादरा त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. अंगणातल्या माणसालाही त्रास देतात त्या याच दोन गोष्टी, हवा आणि हादरा. वेधशाळेला हवा काढून टाकता येते. आपल्याला ती निवडता येते, एवढंच.

निवडायची म्हणजे रात्र ओळखायची. तारे झगमग लुकलुकत असले की पाहुणे खूश होतात, पण अशा रात्री ग्रहांकडे वळण्यात अर्थ नसतो. तेव्हा कमी पटीचं आयपीस लावून तारकागुच्छ पाहावेत. उलट डिसेंबरात कापसाच्या रानांवर धुई बसते, आकाश जरा धुरकट असतं, वारा पडलेला असतो. त्या रात्री अंधूक तेजोमेघ हरवतात आणि गुरूचे पट्टे मात्र कोरल्यासारखे दिसतात. स्थिर हवा आणि स्वच्छ हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच रात्री भेटणं दुर्मीळ. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वीच्या अगदी समतलात आली होती. त्यानंतर ती उघडत चालली तरी सुरुवातीला अरुंदच दिसतात. अशा कड्यांसाठी धुईची रात्र लागते, लखलखीत आकाशाची नव्हे.

मग येते आरशांची जुळणी. दुर्बीण मोटारसायकलवर मागं धरून शाळाशाळांत नेली, की आमच्या रस्त्यांवरचा एकेक खड्डा आरशाच्या स्क्रूंपर्यंत पोचतो. नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट असलेली, म्हणजे माझ्यासारखी एफ/८ ची दुर्बीण थोडं सहन करते. एफ/५ ची आखूड नळी अजिबात करत नाही. जुळणीसाठी लेझर घ्यायलाच हवा असं नाही. जुन्या फोटो स्टुडिओत अजून कुठंतरी कॅमेऱ्याच्या रिळाची प्लास्टिकची डबी मिळते. तिच्या तळाला बरोबर मध्ये बारीक भोक पाडायचं आणि आयपीसच्या जागी ती बसवायची. मुख्य आरशाच्या मध्यावर कागदाची छोटी चकती चिकटवलेली असली, की मागचे तीन स्क्रू फिरवत भोकाचं प्रतिबिंब त्या चकतीच्या मधोमध आणणं दिवसाउजेडी पाच मिनिटांचं काम.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर करायची असते, आणि पुस्तकं सांगतात की ध्रुव घ्या, तो हलत नाही. पालमहून ध्रुव जेमतेम १९ अंश उंच. तिथं पाहताना डोक्यावरच्या मानानं तिप्पट हवा मध्ये येते, शिवाय शेजारचं लिंबाचं झाडही. मी डोक्यावर आलेला ठळक तारा घेतो. तो सरकतो, हातानं परत मध्ये आणावा लागतो, पण त्याची फोकसबाहेरची वर्तुळं खरं बोलतात.

हीच गोष्ट स्टँडची. ध्रुवाकडे अक्ष रोखून फिरणारा विषुववृत्तीय स्टँड इतक्या कमी अक्षांशावर जवळजवळ आडवा झुकतो, आणि अनेक स्वस्त स्टँडांत वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला जाऊन धडकतो. म्हणून मी डॉब्सनच्या वाटेनं गेलो. जॉन डॉब्सन हा अमेरिकेतल्या वेदान्त मठात दोन दशकांहून अधिक काळ राहिलेला संन्यासी. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून तो आरसे करी आणि पुठ्ठ्याच्या नळीत बसवी. १९६७ मध्ये मठ सुटल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवर दुर्बीण मांडून तो येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागला. त्याच्या पद्धतीचा स्टँड म्हणजे प्लायवूडची पेटी, सनमायकाचा पृष्ठभाग आणि त्यावर सरकणारे टेफ्लॉनचे तुकडे. कोणताही सुतार तो करून देतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मात्र सनमायकावर धूळ बसते आणि सरकणं खरखरीत होतं, तेव्हा फडकं जवळ ठेवायचं.

धूळ आरशावरही बसते, आणि नव्या माणसाला ती सहन होत नाही. खरं तर थोड्या धुळीनं प्रकाश नगण्य कमी होतो. पुसण्यानं मात्र ॲल्युमिनियमच्या थरावर कायमचे ओरखडे पडतात. धुवायचाच झाला तर आरसा पाण्याखाली धरून सुटी धूळ आधी वाहून जाऊ द्यावी. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात भिजलेला कापूस, दाब न देता, फक्त त्याच्या वजनानं फिरवावा. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते वाळलं की पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटचं पाणी गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं घ्यावं आणि आरसा उभा करून निथळू द्यावा.

एवढं झाल्यावर उरतो डोळा. अंधाराला सरावायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटात ती कमाई जाते. शेतीची थ्री-फेज लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची असली की शेजारचे नाना डोक्याला बॅटरी बांधून पाणी द्यायला येतात, आणि बांधावर थांबून नेमकी ती बॅटरी माझ्या तोंडावर धरून विचारतात, “काय सापडलं का बापू?” त्यांच्या बॅटरीला मी लाल जिलेटीनचा कागद लावून दिला. लाल उजेडात त्यांना दारं दिसतं आणि माझा डोळाही शाबूत राहतो. एकदा आयपीसला डोळा लावल्यावर त्यांनी मी न सांगता डोळा किंचित बाजूला वळवला आणि म्हणाले, “थेट बघितलं की जातंय, कडेनं बघितलं की येतंय.” नजरेच्या कडेला मंद उजेड टिपणाऱ्या पेशी जास्त असतात, हे मला वाचून कळलं होतं. रात्री रानात फिरणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं.

आणि या सगळ्या तापाच्या बदल्यात आपल्याला दक्षिण मिळते. मेसिये या खगोलनिरीक्षकानं अठराव्या शतकात पॅरिसहून तेजोमेघ-तारकागुच्छांची आपली प्रसिद्ध यादी केली. त्या यादीतला सर्वात दक्षिणेचा तारकागुच्छ, विंचवाच्या नांगीजवळचा सातवा, त्याच्या आकाशात क्षितिजावर सहा-सात अंश चढे. आपल्याकडे तो ३६ अंशांवर येतो. ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गोल गुच्छ तर त्याच्या यादीतच नाही, कारण पॅरिसहून तो उगवतच नाही. पालमहून तो २३ अंशांवर चढतो, मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास. एवढ्या खाली धूळ नडते, म्हणून वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची रात्र धरावी. त्या रात्री ४८ पटीत त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाश दाखवते आहे आणि आयुका या खगोल संशोधन संस्थेनं आरसा घासायच्या कार्यशाळा घेऊन अनेकांना स्वतःची दुर्बीण दिली. तिथं विचारायला माणसं आहेत. तालुक्याच्या गावी आपली हवा आपणच नोंदवावी लागते. म्हणून काय विकत घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी वही घ्यायला सांगतो. तारीख, वेळ, वारा, धुई, गच्ची की रान, किती पट, काय दिसलं. इतकंच रोज लिहायचं. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे नोंदले, की आपल्या अंगणात किती पटीचं आयपीस वर्षातून किती रात्री उपयोगी पडेल हे वहीच सांगते. बहुतेकांचे त्यात पैसे वाचतात. ज्यांचे वाचत नाहीत, त्यांना निदान खोक्यावरचा आकडा वाचून दुकानात जावं लागत नाही.